‘पुलिंग युवर लेग’ म्हणजे पाय ओढणं नव्हे

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे हिंगोली जिल्ह्यातले, शाळा मराठी माध्यमाची, आता पुण्यात एका कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहेत. ईमेल लिहिता येतात, कामाचं बोलणं अडत नाही. पण कॉलवर इंग्लंडमधली मंडळी मध्येच काहीतरी बोलून हसतात आणि हे सगळ्यांच्या मागून, अंदाजानं हसतात. मध्यंतरी तिकडचा टीम लीड ‘आय वॉज ओन्ली पुलिंग युवर लेग’ असं म्हणाला. हा माणूस आपले पाय ओढतोय आणि वर तोंडानं कबूलही करतोय, असं वाटून हे बरेच दिवस मनात धुसफुसत राहिले. पाचशे इडियम्सची यादी पाठ करून झाली, तरी फरक पडला नाही. आता काय करावं?

मी नांदेडला महाविद्यालयात इंग्रजी शिकवते आणि संध्याकाळी नोकरीवाल्या मुलामुलींची बॅच घेते. ही तक्रार माझ्याकडं नेहमी येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे डोक्यातून काढा की तुमचं इंग्रजी कच्चं आहे. कच्चं असतं तर कामाचं बोलणंही अडलं असतं. अडचण वेगळी आहे, आणि त्या पाठ केलेल्या यादीनं ती थोडी वाढवलीच आहे. यादीत डाव्या बाजूला ‘स्पिल द बीन्स’ असतं आणि उजव्या बाजूला ‘गुपित फोडणे’. तुम्ही उजवी बाजू ठेवता आणि डावीकडच्या बिया विसरून जाता. परीक्षेला तेवढं पुरतं. पण समजा, व्हिडिओ कॉल सुरू आहे, पलीकडं कुणाच्या तरी हातून कॉफीच्या बियांची पिशवी फुटली आणि बिया टेबलभर झाल्या. दुसरा म्हणतो, ‘वेल, समबडीज स्पिल्ड द बीन्स.’ इथं बिया खरोखर सांडल्यात, आणि त्याच शब्दांत गुपित फोडल्याचा लटका आरोपही आहे. दोन्ही अर्थ एकाच वेळी डोळ्यांपुढं आले तरच हसू येतं. यादी पाठ असलेला माणूस विचार करत बसतो, कसलं गुपित? यादी न वाचलेल्याला नुसत्या बिया दिसतात. दोघंही हसत नाहीत.

घोडं पेंड खातं ते इथं. रोजच्या बोलण्यातला इंग्रजी विनोद बराचसा असाच असतो. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ वापरून वापरून मेलेला असतो, बोलणारा त्याला क्षणभर जिवंत करतो. यादी आपल्याला तो शब्दशः अर्थ फेकून द्यायला शिकवते, आणि विनोद नेमका त्याच फेकलेल्या अर्थावर उभा असतो.

पुढं जायच्या आधी, सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही हे सांगून ठेवते. पलीकडचे लोक इंग्लंडचे आहेत की अमेरिकेचे, यानं बराच फरक पडतो. तुम्हाला नुसतं समजायचं आहे की स्वतःही बोलायचं आहे, यानंही पडतो. आणि समोरच्यांची एकमेकांत जुनी ओळख असेल तर अर्धे विनोद त्यांच्या मागच्या सहलीवर किंवा कुणाच्या तरी कुत्र्यावर असतात. ते कुठल्याच पुस्तकात सापडणार नाहीत, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका.

आपल्याकडचंच उदाहरण देते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टपासून मराठा आरक्षणाचे मोर्चे सुरू झाले. आता समजा, लातूरच्या एखाद्या टपरीवर कुणी म्हणालं, ‘पाण्याला मिळालं की रेल्वेचं आरक्षण, आपलं कधी?’ तुम्हाला समजून घ्यायला क्षणही लागत नाही. हेच वाक्य तुमच्या त्या टीम लीडला समजावून सांगा बरं. आरक्षण म्हणजे रेल्वेचं तिकीट, आरक्षण म्हणजे नोकरी-शिक्षणातल्या जागा, आणि धरणातलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात त्यालाही आपण आरक्षणच म्हणतो. शिवाय त्या उन्हाळ्यात काय झालं, हे ठाऊक हवं. त्यानं मराठीचा शब्दकोश तोंडपाठ केला तरी तो मागूनच हसेल. तुमचं तिकडं होतं ते यापेक्षा वेगळं नाही.

आता इडियम्सकडं येते.

सगळ्यात फसवे ते, जे आपल्या वाक्प्रचारासारखे दिसतात. जे अजिबात कळत नाहीत, त्यांच्याबाबत निदान आपल्याला कळलं नाही एवढं तरी कळतं. ‘पुलिंग युवर लेग’चं तेच झालं. मराठीत कुणी कुणाचे पाय ओढतो तेव्हा वर चाललेल्या माणसाला खाली खेचायचा डाव असतो, त्यात मत्सर असतो. इंग्रजीत त्याचा अर्थ नुसती थट्टा, खोटंच काहीतरी खरं म्हणून सांगून गंमत बघणं. म्हणजे तुमचा टीम लीड म्हणत होता, ‘अहो, मी चेष्टा केली, मनावर घेऊ नका.’ तो तुम्हाला जवळचा समजतोय, त्याशिवाय कुणी असं करत नाही. पुन्हा म्हणाला तर हसून ‘यू हॅड मी देअर’ म्हणा. बरं फसवलंत, एवढाच त्याचा अर्थ.

क्रिकेटमुळं आपल्याला एक आयती शिदोरी मिळते, आणि तिच्यातही खडे आहेत. ‘आय ॲम स्टम्प्ड’ म्हणजे उत्तर सुचत नाही, हे आपल्याला लगेच पटतं. ‘स्टिकी विकेट’ही पटतं. पूर्वी खेळपट्टी झाकत नसत, पावसानंतर ऊन पडून ती वाळायला लागली की चेंडू कसाही उसळायचा आणि फलंदाजाची त्रेधा उडायची, म्हणून अवघड परिस्थितीला तो शब्द आला. ‘बोल्ड ओव्हर’ मात्र बाद होणं नव्हे. एखादी गोष्ट इतकी आवडली की भारावून गेलो, असा त्याचा अर्थ. आणि ‘द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स’ ऐकून आपला माणूस अभिनंदन करून मोकळा होतो, कारण आपल्याकडं सिक्सर म्हणजे पराक्रम. तिथं मात्र बोलणारा फलंदाज नसतो, सीमेपार भिरकावला गेलेला तो असतो. त्या बातमीनं तो पार हादरलाय. ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ हे तर बहुधा माणूस गेल्यावर म्हणतात. भरपूर जगला, सोनं झालं, अशा अर्थानं. तिथं ‘कॉंग्रॅच्युलेशन्स’ तोंडून गेलं तर सावरायची सोय राहत नाही.

पलीकडं अमेरिकन असतील तर क्रिकेटच्या जागी बेसबॉल येतो. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, ‘टच बेस’ म्हणजे थोडक्यात संपर्क साधणं, ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण. हे एकेक पाठ करण्यापेक्षा अर्धा तास बसून बेसबॉलचे नियम समजून घ्या. मैदान कसं असतं, बेस म्हणजे काय, पिचर चेंडू कसा वळवतो, एवढं कळलं की दहा-बारा वाक्प्रचार आपोआप जागेवर बसतात. माझ्या बॅचमध्ये याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच यादीचा झाला नाही.

एक जागा खरोखर धोक्याची आहे, कारण तिथं नुकसान कामाचं होतं. ‘लेट्स टेबल धिस’ म्हणजे इंग्लंडमध्ये हा विषय चर्चेला घेऊ या, आणि अमेरिकेत तो तूर्त बाजूला ठेवू या. बरोबर उलट. दोन्हीकडचे लोक एकाच कॉलवर असतील तर अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा, ‘डू यू मीन नाउ ऑर लेटर?’ असं विचारल्यानं कुणाची किंमत कमी होत नाही. उलट, एकाच भाषेतल्या दोन माणसांचा घोळ तुम्ही वाचवता.

याद्या आणखी एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे वजन. ‘किक द बकेट’च्या पुढं ‘मरणे’ एवढंच छापलेलं असतं. पण आपणसुद्धा ‘वारले’, ‘गेले’, ‘खपला’ आणि ‘टें बोलला’ हे शब्द एकाच तोंडानं एकाच माणसाबद्दल वापरत नाही. ‘किक द बकेट’ हे ‘टें बोलला’च्या पंगतीतलं आहे. सांत्वनाच्या ईमेलमध्ये ते गेलं तर काय होईल, याची कल्पना करा. शिवाय त्याचा साचाही घट्ट आहे. ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ म्हटलं तर चालतं, पण ‘द बकेट वॉज किक्ड’ म्हटलं की मरण नाहीसं होतं आणि कुणीतरी बादलीला खरोखर लाथ मारलेली उरते. कुठला साचा वाकतो आणि कुठला मोडतो, याला पक्का नियम नाही. वाक्य ऐकत ऐकतच ते अंगवळणी पडतं.

म्हणून मी मुलांना वहीत अर्थ लिहू देत नाही. म्हणजे लिहू देते, पण सगळ्यात शेवटी. आधी जसं ऐकलं तसं पूर्ण वाक्य. मग ते कोण, कुणाला, कशावरून म्हणालं. मग शब्दशः चित्र काय दिसतं, ते दोन शब्दांत, जमलं तर वेडंवाकडं काढून. आणि मग अर्थ. आठवड्यात चार-पाच झाले तरी पुष्कळ. जे तुमच्या कॉलवर कुणीच वापरत नाही ते वहीत घेऊच नका. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ आपल्या प्रत्येक पुस्तकात असतं, पण तिकडचा माणूस धो धो पावसाला बहुतेक वेळा नुसतं ‘इट्स पोअरिंग’ म्हणून मोकळा होतो.

जाता जाता, वाक्प्रचारांच्या जन्मकथांपासून जपून राहा. गवताच्या छपरावर झोपलेली कुत्री-मांजरं पावसात घसरून खाली पडायची म्हणून तो शब्द आला, ही कथा ईमेलवर खूप फिरली. ती खोटी आहे, आणि खरा उगम कुणालाच नक्की माहीत नाही. लक्षात ठेवायला मदत होत असेल तर अशी कथा मनात ठेवा, पण क्लायंटला सांगायला जाऊ नका.

आता श्लेष, म्हणजे ज्याला ते ‘पन’ म्हणतात. हा आपल्याला परका नाही. पैठणच्या नाथांच्या भारुडात विंचू चावतो तेव्हा तो नुसता विंचू नसतो, हे आपण लहानपणी देवळात ऐकलेलं असतं. शाळेत अलंकार शिकताना ‘मित्राच्या उदयाने कोणास आनंद होत नाही?’ हेही घोकलेलं असतं. मित्र म्हणजे दोस्त आणि मित्र म्हणजे सूर्य. शब्द न तोडता दोन अर्थ निघतात, म्हणून तो अभंग श्लेष. आणि ‘शिशुपाल नवरा मी न वरी’मध्ये शब्द तोडल्यावर दुसरा अर्थ निघतो, म्हणून सभंग. इंग्रजीतही नेमके हेच दोन प्रकार चालतात. त्यांच्या लहान मुलांचा दार ठोठावण्याचा एक खेळ असतो. ‘हूज देअर?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘लेटस’, म्हणजे सॅलडची पानं. ‘लेटस हू?’ विचारलं की ‘लेटस इन, इट्स कोल्ड आउट हिअर!’ तोडलं की ‘लेट अस इन’, आम्हाला आत घ्या. सभंग श्लेष, दुसरं काय?

मग श्लेष माहीत असूनही कळत का नाही? पुष्कळदा दोष कानाचा असतो. हे उदाहरण नीट बघा. ‘व्हाय डोन्ट दे प्ले पोकर इन द जंगल?’ उत्तर, ‘टू मेनी चीताज.’ जंगलात पत्ते का खेळत नाहीत, तर तिथं चित्ते फार. आपण थांबतो. चित्त्यांचा आणि पत्त्यांचा काय संबंध? गोम अशी की इंग्लंडच्या बऱ्याच भागात शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारतच नाहीत. त्यांच्या तोंडी ‘चीटर’ हा ‘चीटा’ होतो, आणि चित्ताही ‘चीटा’च. म्हणजे जंगलात लबाड फार. आपण ‘चीटर’मधला र ठणठणीत म्हणतो, म्हणून आपल्या कानात ते दोन शब्द कधी भेटतच नाहीत. अमेरिकन माणूस र म्हणतो, त्याच्याकडं हा विनोद जवळपास जुळतो, लंडनवाल्याकडं तंतोतंत. ‘कॉट’ (म्हणजे पकडलं, खाट नव्हे) आणि ‘कोर्ट’, ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ यांचंही तिकडं हेच होतं. पलीकडची मंडळी इंग्लंडची आहेत, तेव्हा निदान महिनाभर ऐकताना शेवटचा आणि व्यंजनाआधीचा र मनातल्या मनात पुसून बघा. किती तरी गाठी सुटतील.

याच्या उलटही होतं. आपला एक ‘व’ त्यांच्या दोन आवाजांचं काम करतो. त्यामुळं ‘वाइन’ आणि ‘व्हाइन’, म्हणजे दारू आणि वेल, आपल्याला सारखेच ऐकू येतात आणि त्यांना साफ वेगळे. आपल्याला श्लेष सापडल्याचा आनंद होतो आणि पलीकडं कुणाला पत्ताच नसतो. असो.

कान तयार झाला तरी खाली वाक्प्रचार माहीत असावा लागतो. इंग्रजी मुलखात केस कापायच्या दुकानाला ‘कर्ल अप अँड डाय’ असं नाव दिलेलं सापडतं. कर्ल म्हणजे केस कुरळे करणं, आणि डाय म्हणजे केसांना लावतात तो. इथपर्यंत कुणालाही कळेल. पण ‘आय वाँटेड टु कर्ल अप अँड डाय’ असं ते लोक लाज वाटली की म्हणतात, धरणीनं पोटात घ्यावं अशी वेळ आली की. ते ठाऊक नसेल तर दुकानाचं नाव म्हणजे नुसती कामांची जंत्री वाटते. इडियम आणि श्लेष हे दोन वेगळे विषय समजून आपण वेगवेगळे शिकतो, पण श्लेष अनेकदा इडियमच्या खांद्यावर बसूनच येतो.

काही वेळा शब्दाऐवजी वाक्याची रचनाच फसवते. ‘टाइम फ्लाइज लाइक ॲन ॲरो, फ्रूट फ्लाइज लाइक अ बनाना.’ पहिल्या अर्ध्यात वेळ बाणासारखा उडून जातो. कान त्याच चालीत पुढं जातो आणि फळ केळ्यासारखं उडतं, असं काहीतरी ऐकतो. पण अर्धापूरच्या केळ्यांचा घड घरात चार दिवस राहिला की त्याच्यावर जी बारीक चिलटं घोंघावतात ना, ती ‘फ्रूट फ्लाइज’. त्यांना केळं आवडतं. ‘फ्लाइज’ आधी क्रियापद होतं, आता नाम झालं. ‘लाइक’ आधी ‘सारखा’ होतं, आता ‘आवडतं’ झालं. वर्गात हे मी फळ्यावर लिहिते आणि काही न सांगता थांबते. मागच्या बाकावरचा कुणीतरी आधी हसतो, मग लाटेसारखं ते पुढं येतं.

आता चालू कॉलवर करायचं काय? ऐकताना एक खूण धरा. कामाच्या बोलण्यात अचानक जनावर, भांडं, हवामान, शरीराचा अवयव किंवा खेळ घुसला, की शब्दशः घेऊ नका. सर्व्हरच्या चर्चेत ‘कॅन ऑफ वर्म्स’ आला तर तिथं किडे नाहीत. तो विषय उघडला की गुंता वाढणार आहे, एवढंच. विनोद करणारे स्वतःही खुणा देतात. शब्दाच्या आधी किंचित थांबतात, त्याच्यावर जोर देतात, किंवा ‘नो पन इन्टेन्डेड’ म्हणतात. हे शेवटचं ऐकलं की लगेच मागच्या वाक्यात शोधा, तिथं दुहेरी अर्थाचा शब्द नक्की सापडतो.

आणि नाही कळलं, तर अंदाजानं हसू नका. ते लगेच ओळखू येतं, आणि तो विनोद नसून तुम्हाला विचारलेला प्रश्न असेल तर पंचाईत. ‘दॅट वन वेंट ओव्हर माय हेड’ म्हणा. डोक्यावरून गेलं, आपल्याकडंही असंच म्हणतात. बहुतेक लोक आनंदानं समजावून सांगतात, कारण श्लेष करणाऱ्याला दुसऱ्यांदा भाव मिळतो. आणखी एक गंमत अशी की इंग्लंडमध्ये श्लेषाला हसण्यापेक्षा कण्हण्याची रीत आहे. सगळे मिळून ‘ओऽऽह’ करतात, आणि तो जितका लांब तितकी दाद मोठी. त्यामुळं सगळे कण्हतायत आणि तुम्ही एकटेच खो खो हसताय, असंही होऊ शकतं. घाबरू नका, त्यानं कुणाचं वाईट होत नाही.

स्वतः बोलताना मात्र इडियम्सची घाई करू नका. या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. साधं, सरळ इंग्रजी बोलणाऱ्याला कुणी हसत नाही. दर वाक्याला एक वाक्प्रचार खोचणाऱ्याचं बोलणं गाईडमधून वाचल्यासारखं वाटतं. आधी एखादा वाक्प्रचार तीन-चार वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐका, मगच वापरा.

आपल्या भागातल्या मुलांना ही गोष्ट पुण्या-मुंबईच्या मुलांपेक्षा जड जाते, असं मला वाटत नाही. आपल्याकडं घरात मराठी, बाजारात दखनी, देगलूर-धर्माबादकडं तेलुगू, उदगीर-निलंग्याकडं कानडी. एका भाषेतला शब्द दुसरीत नेऊन टोमणा मारणं हे आपण कट्ट्यावर रोज करतो. तो कान तयारच आहे. इंग्रजी मात्र आपण फळ्यावरून शिकलो, कट्ट्यावर शिकलोच नाही. तेव्हा रोज थोडं इंग्रजी गप्पांचं ऐका, बातम्यांचं नको. एखादी विनोदी मालिका इंग्रजी सबटायटल लावून बघा, पण आधी एकदा न लावता. सबटायटल बोलण्याच्या आधी झळकतं आणि विनोद कानाऐवजी डोळ्यांनी कळतो, मग कानाची तालीम होत नाही. शब्दकोश घ्यायचा तर शिकणाऱ्यांसाठी केलेला ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा घ्या. त्यात वाक्प्रचार अनौपचारिक आहे, जुनाट झालाय की थट्टेचा आहे, हे लिहिलेलं असतं. दोन्ही शब्दकोश फोनवर फुकट बघता येतात.

यादीचं ते पुस्तक रद्दीत घालू नका. पुढं एमपीएससी वगैरे द्यायचा विचार असेल तर तिथं इडियम देऊन चार पर्यायांतून अर्थच निवडायला सांगतात, आणि त्या कामाला ते पुस्तक उत्तम आहे.